नूतनचा काळा दात

८ सप्टेंबर

दवाखाना उद्यापासून माझा. बाबांनी हे वरणभात कालवता कालवता जाहीर केलं. "उद्यापासून खुर्चीपाशी तू. मी बाहेर बाकावर बसून लोकांशी गप्पा मारीन." घास तोंडात गेला आणि विषय संपला.

भोरमध्ये पस्तीस वर्षं दातांचा दवाखाना चालवलेला माणूस असा उठतो? मला भाषण नको होतं, पण निदान माझ्याकडे बघून तरी बोलायचं. त्यांना बहुतेक खात्री आहे की मी सहा महिन्यांत पुण्याला पळून जाईन. मलाही अधूनमधून तीच खात्री असते.

आमचं भांडण जुनं आहे. बाबांच्या मते दुखणारा दात काढला की माणूस शांत झोपतो, आणि माणूस झोपला पाहिजे. अर्ध्या तालुक्याचे दात त्यांनी काढलेत आणि तोच अर्धा तालुका बाजारात त्यांना वाकून नमस्कार करतो. मी पुण्यात तीन वर्षं दात वाचवायचं शिकून आले. मला अजून कुणी नमस्कार केलेला नाही.

ही वही अशासाठी, की बाबांशी बोललं की वाद होतो आणि आमच्या मदतनीस सरोजताईंशी बोललं की गावभर होतं.

११ सप्टेंबर

दवाखाना बंद केल्या केल्या घाईत लिहितेय, म्हणून अक्षर असं.

सकाळी दवाखाना उघडायला गेले तर पायरीवर एक मुलगी बसलेली. तोंडाला ओढणी, ओढणीला रक्त. नाव नूतन, वय एकोणीस. गाव वेल्ह्याकडचं, पण इथं कॉलेजला आहे म्हणून उत्रोलीला आत्याकडे राहते. "नळापाशी पाय घसरला," म्हणाली. दोन्ही गुडघे सोललेले, पायात बूट. नळावर बूट घालून कोण जातं? पण हल्ली कॉलेजच्या मुली पंजाबी ड्रेसवरही बूट घालतात, फॅशन आहे.

वरचा समोरचा दात अर्ध्यात तुटलेला आणि तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका. नस उघडी पडलेली. बाबा दारात येऊन उभे राहिले. "रूट कॅनाल कर आणि कॅप बसव. समोरचा दात आहे, प्रयोग नको." बाहेर बसून गप्पा मारणार होते ना?

रूट कॅनाल म्हणजे नस काढून टाकायची. दात उभा राहतो, पण मेलेला. आणि ही एकोणीस वर्षांची नस, नुकतीच उघडी पडलेली, लालबुंद. तिला मारायचं कशाला? वरचा दुखावलेला भाग तेवढा काढायचा, रक्त थांबवायचं आणि त्यावर कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट बसवायचं. बांधकामातल्या सिमेंटचंच हे भावंड, फक्त स्वच्छ आणि सोवळं. ओलाव्यात घट्ट होतं आणि त्याच्याखाली नस आपली आपण दाताची नवी भिंत बांधते. दात जिवंत राहतो. मला सगळ्या दंतशास्त्रात याच्याइतकं सुंदर दुसरं काही माहीत नाही.

या सिमेंटच्या नव्या प्रकारच्या कॅप्सूल मी पुण्याहून मागवल्यात, पण पार्सल अजून आलेलं नाही. कपाटात कॉलेजातून आणलेली जुन्या प्रकारची पुडी होती. तीच वापरली. तात्पुरतं काहीतरी लावून पार्सलची वाट बघता आली असती. पण बाबा दारात उभे होते.

रक्त लवकर थांबेना. दात धुवायचं जे ब्लीचचं पाणी असतं त्यात कापसाचा बोळा भिजवून दाबून धरला, मग थांबलं. सिमेंट ओल्या वाळूइतपत कालवून बसवलं, वर ओला कापूस, त्यावर झाकण. नूतननं पूर्ण वेळ हूं की चूं केलं नाही. उठताना फक्त विचारलं, "मॅडम, पळालेलं चालंल का?"

म्हटलं, एसटी चुकत असेल तर खुशाल पळ. तिला विनोद कळला नसावा, कारण तिनं खरंच हुश्श केलं.

१३ सप्टेंबर

नूतनची आई आली. अंबूबाई. वेल्ह्याकडून निघून नसरापूरला उतरायचं, तिथून दुसरी एसटी, तरी अकराच्या आत हजर. नवरा पुण्यात मार्केट यार्डात हमाली करतो, घरातलं सगळं थोरले दीर सोमनाथराव बघतात, हे तिनं बसायच्या आधीच सांगितलं. या सोमनाथरावांनी नूतनसाठी स्थळ आणलंय. सारोळ्याचे मानसिंगराव, हायवेला हॉटेल, एकुलता एक मुलगा. तुळशीच्या लग्नानंतर बघायला येणार.

"मग मुळीच काळजी नको, मावशी," मी म्हटलं. "दात तुटला होता हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

"अजाबात न्हाई कळनार?"

"अजिबात नाही."

"कायच खून ऱ्हानार न्हाई?"

"काहीच नाही."

"बरं," म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. मला वाटलं होतं बाई निदान हात तरी जोडेल. नुसतं "बरं"! तिकडची माणसं भावना दाखवत नाहीत हेच खरं.

१९ सप्टेंबर

आज तुटलेला भाग पुन्हा उभा केला. रंग जुळवला, धार घासली, चकाकी आणली. आरशात नूतनला कळेना दोघांतला कुठला. थंड लावून पाहिलं तर "आई गं!" म्हणून खुर्चीतून अर्धी उठली. नस जिवंत! मी तिच्यापेक्षा जास्त आनंदले.

मग तिनं भीत भीत विचारलं, "आता पाणी मारायचं बंद करू का?" कसलं पाणी? तर सोमनाथराव घरबांधणीची कामं घेतात. दातात सिमेंट घातलंय म्हटल्यावर त्यांनी फोनवरून हुकूम सोडला की सकाळ-संध्याकाळ तोंडात पाणी धरून बसायचं, न्हाईतर तडं जातात. आठवडाभर पोर गाल फुगवून बसत होती. सरोजताई भिंतीला टेकून हसल्या. सिमेंटला ओल लागते हे खरं, पण ती मी आतच ठेवली होती, असं सांगितल्यावर नूतनही हसली. छान हसते. आजवर तोंडाला ओढणी होती म्हणून दिसलं नव्हतं.

बाबांनी दिवा धरून बराच वेळ दात पाहिला. "हात चांगला आहे," म्हणाले. मी हरखले. लगेच पुढे म्हणाले, "आता महिना-दोन महिने जाऊ देत." एक वाक्य बोलून थांबायला काय होतं?

२९ सप्टेंबर

दिवसभरात तीन पेशंट, आणि तिघांनीही विचारलं, "मोठे डॉक्टर न्हाईत का?" मोठे डॉक्टर बाहेर बाकावर बसून ज्याला त्याला सांगत होते, "मला काय विचारता? आता डॉक्टर ती. माझ्यापेक्षा जास्त शिकलीय." मला टोमणे मारायला त्यांना पेशंटही पुरतात.

एवढंच एक, की त्यांची तब्येत सुधारलीय. पहाटे उठून कॉलेजच्या मैदानावर फिरायला जातात आणि शीळ घालत परत येतात.

६ ऑक्टोबर

नूतन तपासणीला आली. सकाळी दार उघडायच्या आधीच हजर, घामानं डबडबलेली. दाताची इतकी धास्ती घेतलीय पोरीनं! म्हटलं, अगं, दहाला आलीस तरी चालतं.

दात थंडाला जागा आहे. दुखत नाही, हलत नाही. फक्त हिरडीलगत किंचित सावली वाटली. दिव्याचा दोष असेल. खुर्चीवरचा दिवा बाबांच्या काळातला आहे.

७ ऑक्टोबर

दिव्याचा दोष नाही. काल काढलेला फोटो मोबाईलवर मोठा करून दहा वेळा पाहिला.

जेवण गेलं नाही. बाबांनी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हटलं, ऊन लागलं. ढगाळ हवेत ऊन लागलं म्हणणारी मी एकटीच असेन.

१६ ऑक्टोबर

काळा. सरळ सरळ काळा. हिरडीपासून निम्म्यापर्यंत, वांग्याच्या सालीसारखा.

कारण मला पाठ आहे. जुन्या सिमेंटमध्ये एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथ घालतात. त्याला ब्लीचचं पाणी लागलं की ते काळं पडतं. परीक्षेला हा प्रश्न मलाच विचारला होता आणि मी खडाखडा उत्तर दिलं होतं. म्हणजे न कळून झालेली चूक नाही ही. पुडी हातात घेतली तेव्हा मला बिस्मथ आठवला नाही, बाबा आठवले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तोही ऐन लग्नाच्या पोरीच्या तोंडात!

नूतनला आरसा दिला आणि सगळं सांगितलं. माझी चूक आहे हेही सांगितलं. ती आरशात बघतच राहिली. बघण्याचा कार्यक्रम महिन्यावर आलेला, आणि हे. मला तिच्याकडे बघवेना.

"अजून किती काळा व्हईल?" तिनं विचारलं.

"आता फारसा नाही."

"पण जाणार न्हाई ना आपोआप?"

"आपोआप नाही, पण घाबरू नकोस. मी पुढून पांढरा पातळ थर देईन, तासाभराचं काम आहे. पुढे मागे आतलं काळं सिमेंट काढून नवं घालता येईल."

ती एकदम म्हणाली, "दिवाळी होऊ द्या. आता भातकापणी हाय, गावाला जायला लागतंय." आरसा परत देताना आणखी एक विचारलं, "काळा दात असला तर मेडिकलला बाद करतात का?"

कसली मेडिकल? म्हणाली, असंच विचारलं. धक्क्यानं माणूस काहीही बरळतो. मी म्हटलं, दात मजबूत आणि जिवंत असला की रंगाचं कोण बघतं? हे वाक्य तिच्या होणाऱ्या सासूला सांगून पटलं असतं तर किती बरं झालं असतं.

१८ ऑक्टोबर

बाबांना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. ते म्हणाले, "नस जिवंत आहे ना? मग रंगाची घाई करू नकोस."

घाई करू नकोस! मुलीचं लग्न मोडायची वेळ आलीय आणि यांना घाई दिसत नाही. मी मोठ्यानं बोलले, दार आपटलं. मग दार जुनं आहे म्हणून बिजागरी तपासायला परत गेले.

२८ ऑक्टोबर

दिवाळी झाली. नूतनला दोनदा वेळ दिली, दोन्हीदा आली नाही. एकदा कापणी, एकदा झोडणी. लाजते आहे, दुसरं काय. मी तिला तोंड दाखवायला लाज आणली.

सरोजताईंनी बाजारातली बातमी आणली. तरकारीच्या गाळ्यावर चर्चा होती की उपेंद्र डॉक्टरांच्या लेकीनं पोरीचा दात सिमेंटानं काळा केला. सरोजताईंच्या मते यात एवढं काही नाही. "आमच्या आजीचे तर मिशरीनं सगळेच काळे होते, तिचं काय अडलं?" आज दुपारी एक बाई खुर्चीत बसल्या, माझ्या हातातल्या पुडीकडे बघितलं, आणि घरी दूध गॅसवर ठेवून आले म्हणून उठून गेल्या.

पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला. तिच्या क्लिनिकमध्ये जागा आहे का विचारलं. आहे म्हणाली. मग मी उगाच तिच्या मुलाच्या शाळेबद्दल विचारत बसले.

३ नोव्हेंबर

अंबूबाई आली. एकटीच. हाताला भाताच्या पातीचे चिरे. नूतनला आणलं नाही.

"म्या म्हंते ताई, समजा काळाच ऱ्हायला, तर?"

"राहणार नाही, मावशी. मी शब्द देते. पाहुणे येण्याआधी पांढरा करून देते."

"तसं न्हवं. समजा न्हाईच झाला, तर त्यात पोरीचा काय दोष न्हाई, असं कागदाव न्हाई तर तोंडानं कुनाला सांगाल का? तुमच्या तोंडानं?"

मी तिचा हात धरला. माझ्या एका चुकीनं या माऊलीच्या जिवाला किती घोर! मी पुन्हा पुन्हा सांगितलं, पांढरा होईल, नक्की होईल. तरी तिचा चेहरा काही उजळला नाही. उलट जाताना जास्तच उतरला होता. माझ्यावरचा विश्वास उडालाय, आणि उडेल नाहीतर काय.

सोमनाथरावांचा फोन आला तो संध्याकाळी. सोळा तारखेला पाहुणे येणार. "सिमिट काळं पडलं म्हंजी एक तर माल खराब, न्हाईतर मिस्त्री खराब. तुमीच सांगा म्याडम, काय समजायचं?"

७ नोव्हेंबर

आज पहाटे बाबा चष्मा विसरून फिरायला गेले. चष्म्याशिवाय खड्ड्यात पडतील म्हणून मी गाडी काढून मैदानावर गेले. धुकं होतं. बाबा दगडावर बसलेले, मोबाईल डोळ्यांपासून लांब धरलेला, आणि कुणाला तरी ओरडून सांगत होते, "शेवटचा राऊंड! हात सैल सोड!"

धुक्यातून नूतन पळत आली. कापणीला गावी गेलेली नूतन. पायात तेच बूट. त्यांच्यासमोरून गेली, बाबांनी मोबाईलवर बोट दाबलं आणि चष्मा नसल्यामुळे आकडा वाचता येईना म्हणून मान वर केली, तर समोर मी.

"चार सेकंद कमी झाले का बघ गं," म्हणाले. जसं काही मी रोज येते.

झाले होते.

घरी आल्यावर मी विचारलं, कधीपासून चाललंय हे? तर दवाखाना सोडला त्या आठवड्यापासून. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दोघी-तिघी तिथं पळतात, त्यांत ही सगळ्यात वेगवान. दात नळापाशी नाही, इथंच पडून तुटला. बाबांनीच तिला माझ्याकडे धाडलं होतं. "आणि मला सांगावंसं वाटलं नाही?" तर म्हणाले, "तिनं सांगू नका म्हटलं होतं. पेशंट आहे, गुपित ठेवायला नको?"

"मग दारात उभे राहून मला घाबरवत कशाला होतात?"

"घाबरवत होतो? मी बघत होतो," बाबा म्हणाले. "नस वाचवताना मी कधी कुणाला पाहिलं नव्हतं."

मी चहा टाकायला आत गेले. साखर दोनदा घातली गेली.

८ नोव्हेंबर

नूतनला निरोप धाडला, आली. मी म्हटलं, बस खुर्चीत, आजच पांढरा थर देऊन टाकते. पळायचं ते पळ, पण दात तर नीट करू.

ती बसली नाही. "मॅडम, नका करू पांढरा."

"का?"

"जानेवारीत भरतीचं मैदान हाय. आता पसंती झाली की चुलते मला आत्याकडनं उचलून गावाला नेतील, लगेच सुपारी, लगेच हळद. मग कसलं मैदान आणि कसली भरती."

"घरी सांग ना मग सरळ."

"सांगितलं की. चुलते म्हणाले, पोलीस पोरगी कोण करून घेतं? आई काय बोललीच न्हाई. ती चुलत्यांच्या म्होरं कधीच बोलत न्हाई. दात काळा झाला तवा मला वाटलं देवच पावला. तुमी नुसतं म्हणा, व्हत न्हाई."

"मी खोटं बोलणार नाही, नूतन."

"खोटं कशाला बोलताय? नुसतं व्हत न्हाई म्हणा."

देव पावला! मी महिनाभर अन्न गोड लागेना म्हणून वजन घालवलं, आणि हिला देव पावला. रागही आला आणि हसूही. ती गेल्यावर जास्त राग आला.

१० नोव्हेंबर

डोकं ठिकाणावर नाही. दोन पेशंटना एकच वेळ दिली.

ती म्हणते तितकं सोपं नाही. मी दात काळा केला हे खरं आहे, ते मी चारचौघांत कबूल करीन. पण मला तो पांढरा करता येत नाही, हे धडधडीत खोटं. आणि नेमकं हेच खोटं मला झोंबतंय. चूक कुणाचीही होते, चूक दुरुस्त करता येते तो डॉक्टर. सोमनाथराव वेल्ह्यापासून सारोळ्यापर्यंत सांगत फिरतील, की हिला बिघडवता येतं, सुधारता येत नाही. मग इथं माझ्यापुढे तोंड कोण उघडेल? बाबांच्या पस्तीस वर्षांवर मी दोन महिन्यांत बोळा फिरवणार.

बाबांना विचारलं, काय करू? म्हणाले, "खुर्चीपाशी तू." आणि पेपर वाचायला लागले.

१२ नोव्हेंबर

ठरलं. खरं काय ते सांगायचं. दात पांढरा होतो, तासाभरात होतो, बसा. तिच्या लग्नाचं आणि भरतीचं तिच्या घरच्यांनी बघावं. मी दातांची डॉक्टर आहे. आरशासमोर वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं वाटतं.

१४ नोव्हेंबर

तिघं आले. सोमनाथराव पुढे, पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाईल. मागे अंबूबाई, तिच्यामागे नूतन. सोमनाथराव बसले नाहीत.

"म्याडम, येकच सांगा. परवा पावनं येत्यात. त्याच्या आत ह्यो दात पांढरा व्हतो का न्हाई?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं.

नूतन जमिनीकडे बघत होती. तिच्या बुटांना अजून सकाळची माती होती. अंबूबाई मात्र एकटक माझ्याकडे बघत होती आणि एकदम म्हणाली, "न्हाई म्हनायचं असंल तर न्हाई म्हना ताई. आमी आयकून घिऊ." इतकी गांजलेली बाई उलट मलाच सांभाळून घेतेय असं वाटलं.

"होत नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मग सुरू झालंच आहे तर पुढचंही म्हणाले. "आतली नस नाजूक आहे. वर्षभर दाताला हात लावायचा नाही. लावला तर नस मरेल आणि दात हातात येईल."

सोमनाथरावांनी खिशातला एक मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "मानसिंगरावांना तुमीच सांगा. म्या काय तोंडानं सांगू?"

पलीकडून जड आवाज आला. हॉटेलातल्या भांड्यांचा खणखणाट मागे चालू होता. "दात काळा म्हंजी पोरीच्या अंगात काय रोग हाय का?"

"मुळीच नाही. मुलगी ठणठणीत आहे. चूक माझी. मी चुकीचं सिमेंट वापरलं."

"तुमी उपेंद्र डाक्टरांच्या कन्या न्हवं?"

"हो."

"त्यांच्या हातनं असलं कदी झालं न्हाई."

दार अर्धं उघडं होतं आणि बाबा बाहेर बाकावर होते. त्यांच्या गप्पा थांबलेल्या होत्या.

"नाही झालं," मी म्हटलं.

"आन् वर्सभर आसंच? आमी न्हाई थांबायचो येवढं. पोराला आजून दोन जागा सांगून आल्यात." मग सोमनाथरावांना द्या म्हणाले. सोमनाथराव दोन वेळा "तसं न्हवं" आणि एकदा "बरं" म्हणाले आणि फोन खिशात गेला. मला त्यांनी हात जोडले, पण ते जोडणं नमस्काराचं नव्हतं. "लई उपकार झाले म्याडम. आता आख्ख्या पट्ट्यात सांगतो, दात दाखवायचा तर पुन्यालाच जावा." आणि पायऱ्या उतरले. नूतन त्यांच्यामागे गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं.

मी खुर्चीवर बसले, पेशंटच्या.

अंबूबाई मागे रेंगाळली. पिशवी उघडून तिनं नव्या इंद्रायणीची पुरचुंडी काढली आणि हत्यारांच्या ट्रेमध्येच ठेवली. मला शरमेनं ते तांदूळ बघवेनात. म्हटलं, मावशी, हे नको, तुमचं ठरत आलेलं मोडलं माझ्यामुळे.

तिनं आधी दाराकडे बघितलं, मग पार माझ्या कानाशी आली. तोंडाला मिशरीचा वास.

"ताई, भरती झाल्याव व्हईल न्हवं पांढरा?"

मी पुरचुंडी ट्रेमधून उचलून मांडीवर घेतली.

"तासाभरात होईल, मावशी," मी म्हटलं.

"मंग ऱ्हाऊ द्या तवर." खालून सोमनाथरावांनी हाक मारली. "आले, आले," ती म्हणाली, पदर सावरला, आणि दारातून बाहेर पडायच्या आधी तिनं नीट तोंड पाडून घेतलं.